वाऱ्यावर दिवे लावणारा शिक्षक : पोल ला कूर

वाऱ्यापासून दिवा जपावा लागतो, पदराआड धरावा लागतो, हा आपल्याकडील घराघरांतला जुना अनुभव. डेन्मार्कमधील आस्कोव या खेड्यातील एका शाळेत मात्र १८९५ ते १९०२ या काळात दिवे लागत होते ते वाऱ्याच्याच बळावर. शाळेजवळची पवनचक्की डायनॅमो फिरवीत असे, डायनॅमोची वीज पाण्याचे विघटन करीत असे आणि त्यातून निघालेला हायड्रोजन साठवून ठेवून संध्याकाळी दिव्यांत जाळला जाई. आज ज्याला हरित हायड्रोजन म्हणतात, तो हाच. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी १९ हजार ७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले स्वतंत्र धोरण जाहीर केले. नव्या युगाचे इंधन म्हणून ज्याचा आज गाजावाजा होतो, ते एका खेड्यातील शाळामास्तराने सव्वाशे वर्षांपूर्वी तयार केले, वापरले आणि शेवटी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवले. या मास्तरांचे नाव पोल ला कूर. डेन्मार्कमध्ये त्यांना त्या देशाचा एडिसन म्हटले गेले. आपल्याकडे ते नाव फारसे पोचलेले नाही.

नाव फ्रेंच वळणाचे असले तरी ला कूर हे डेन्मार्कचेच. १३ एप्रिल १८४६ रोजी जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एबेल्टॉफ्ट या छोट्या गावाच्या परिसरात, शेतीवाडी असलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे असा आरंभीचा विचार होता. पण त्याला लागणाऱ्या प्राचीन भाषांत त्यांचे मन रमेना; ओढा होता गणिताकडे आणि निसर्गविज्ञानाकडे. कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान आणि हवामानशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे युरोपातील निरनिराळ्या वेधशाळा पाहण्यासाठी त्यांनी प्रवासही केला. वादळे कशी निर्माण होतात, वारा कोणत्या दिशेने का वाहतो, हे प्रश्न तेव्हा शास्त्राच्या कक्षेत नुकतेच येऊ लागले होते.

१८७२ मध्ये डेन्मार्कची राष्ट्रीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली आणि अवघ्या सव्विसाव्या वर्षी ला कूर तिचे उपसंचालक झाले. संचालक होते कॅप्टन निल्स हॉफमायर. राजधानीत सरकारी पद, समोर मोठी कारकीर्द, अशी ही सुरुवात होती. हवामानाचा अंदाज वर्तवायचा तर ठिकठिकाणच्या नोंदी वेळेवर हाती यायला हव्यात, आणि त्या येत तारायंत्राने. एका तारेवरून एका वेळी एकच संदेश जाई आणि बाकीचे खोळंबून राहत. ला कूर यांचे लक्ष या अडचणीकडे गेले, आणि हवामानशास्त्रज्ञाचा संशोधक झाला तो इथे.

त्यांची युक्ती नादकाट्याची होती. प्रत्येक नादकाट्याचा कंप ठरावीक असतो. निरनिराळ्या कंपांचे विद्युतप्रवाह एकाच तारेवर सोडले, तर दुसऱ्या टोकाला ज्या नादकाट्याचा कंप जुळेल तोच थरथरेल आणि प्रत्येक संदेश वेगळा ओळखता येईल. १८७४ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. मात्र अमेरिकेत एलिशा ग्रे आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे दोघे याच दिशेने शोध घेत होते. त्यातूनच १८७६ मध्ये बेल यांचा टेलिफोन जन्माला आला आणि बाकीच्यांची नावे मागे पडली. ला कूर यांचा दुसरा शोध अधिक टिकला. नादकाट्याच्या कंपांच्या तालावर विद्युतचुंबकाच्या साह्याने अचूक एकाच वेगाने फिरणारे दातेरी लोखंडी चाक त्यांनी बनवले. नादचक्र म्हणून ते ओळखले गेले. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनीही स्वतंत्रपणे असेच चाक तयार केले होते. दूर अंतरावरची दोन यंत्रे एकाच लयीत फिरवण्यासाठी या चाकाचा पुढे तारायंत्रात चांगला उपयोग झाला. अमेरिकेत पॅट्रिक डिलेनी यांची एका तारेवरून अनेक संदेश धाडणारी पद्धत त्याच्यावरच उभी होती.

इतके मिळवलेला माणूस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी राजधानी सोडून खेड्यात शिकवायला गेला. १८७८ मध्ये ला कूर आस्कोवच्या लोकशाळेत गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि उरलेली तीस वर्षे तिथेच राहिले. सोबत पत्नी हुल्डा आणि वाढता संसार होता. पेटंटांच्या शर्यतीत पदरी आलेली निराशा हे याचे एक कारण मानता येईल. पण तेवढेच मानले तर त्या काळच्या डेन्मार्ककडे दुर्लक्ष होईल.

डेन्मार्क तेव्हा एका पराभवातून सावरत होता. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने या लहानशा देशाचा दक्षिणेकडचा मोठा मुलूख हिरावून घेतला. त्यावेळी ला कूर अठरा वर्षांचे होते. ग्रुंटविग या धर्मचिंतक कवीच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंग येथे सुरू झालेली देशातील पहिली लोकशाळा या युद्धानंतर सीमेपलीकडे गेली. तेव्हा तेथील मंडळींनी नव्या सीमेच्या अलीकडे, आस्कोव येथे १८६५ मध्ये पुन्हा शाळा उभारली. लुडविग श्रोडर हे तिचे प्रमुख. शेतकऱ्यांची तरुण मुले-मुली इथे येऊन राहत. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. इतिहास, भाषा, गाणी आणि जगाचे ज्ञान घेऊन त्यांनी परत आपल्या शेतावर जावे, ही अपेक्षा. जे बाहेर गमावले ते आत कमवायचे, अशी भावना तेव्हा त्या देशात सर्वत्र होती. माळरानावर झाडे लावणारे, सहकारी दूधसंघ काढणारे आणि अशा शाळांत शिकवणारे हे सगळे एकाच भारलेपणातून काम करीत होते. जटलंडमधील पहिला सहकारी दूधसंघ १८८२ मध्ये निघाला आणि पाहता पाहता ते लोण देशभर पसरले. आपल्याकडील सहकाराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वातावरण परके वाटू नये.

शिक्षक म्हणून ला कूर यांची रीत निराळी होती. गणिताचे सिद्धांत तयार स्वरूपात फळ्यावर मांडण्याऐवजी माणसाला ते कसे सुचत गेले, कोणत्या अडचणीतून कोणी वाट काढली, या क्रमाने ते शिकवीत. शेतकऱ्यांच्या पोरांना युक्लिड आणि गॅलिलिओ अशा रीतीने भेटले. या अध्यापनातून त्यांचे गणिताच्या इतिहासक्रमावर बेतलेले पाठ्यपुस्तक तयार झाले. त्यानंतर सहकारी जेकब अपेल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले त्याच धर्तीचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक १८९६-९७ मध्ये आले आणि पुढे जर्मन भाषेतही गेले.

एव्हाना शहरांचा चेहरा बदलू लागला होता. कोपनहेगनचे वीजकेंद्र १८९२ मध्ये सुरू झाले. शहरातील दुकानांत, नाट्यगृहांत, कारखान्यांत वीज आली आणि तिच्या मागोमाग कामही तिथेच जाऊ लागले. खेड्यात मात्र रॉकेलचा दिवा आणि माणसा-जनावरांचे बळ. लोकशाळेतून शिकून निघालेला तरुण गावी राहावा, असे वाटत असेल तर गावात उजेड आणि यंत्रांना लागणारी ताकद पोचली पाहिजे, हे ला कूर यांना स्पष्ट दिसत होते. वीज केवळ भांडवलवाल्या कारखानदारांच्या हाती राहिली तर गावे ओस पडतील, ही त्यांची चिंता होती. अडचण अशी की डेन्मार्कच्या भूमीत कोळसा नाही, आणि धबधबे कोसळावेत असे डोंगरही नाहीत. त्या सपाट देशात मुबलक आहे तो वारा. धान्य दळणाऱ्या हजारो पवनचक्क्या पिढ्यान् पिढ्या तिथे फिरत होत्या. हवामानशास्त्राचा अभ्यास केलेल्या आणि विजेच्या यंत्रांत मुरलेल्या या माणसाच्या हातात दोन्ही धागे एकत्र आले.

सरकारी अनुदान मिळवून १८९१ मध्ये त्यांनी आस्कोव येथे प्रायोगिक पवनचक्की उभारली. वाऱ्यापासून वीज करणारे ते पहिले नव्हेत. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये आपापल्या घरासाठी हे साधले होते. ला कूर यांचा प्रश्न घरापुरता नव्हता. एखाद्या सुखवस्तू माणसाच्या बंगल्यात दिवे लागणे वेगळे आणि सामान्य गावाला परवडेल, गावच्या माणसाला चालवता येईल असे यंत्र तयार करणे वेगळे.

त्यात पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. निम्मा झाला की आठव्या हिश्श्यावर येते. दळणाच्या जात्याला हे चालून जाते, कारण पीठ थोडे लवकर पडले काय किंवा उशिरा पडले काय, फारसे बिघडत नाही. डायनॅमोला मात्र स्थिर गती हवी. ला कूर यांनी यासाठी एक नियामक बनवला आणि त्याला क्रॅटोस्टॅट असे नाव दिले. त्याचे पुढचे, सुटसुटीत केलेले रूप असे : चक्की आणि डायनॅमो यांच्यामध्ये एक आडवा दांडा वजनाच्या साह्याने असा टांगायचा, की पट्ट्यावरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर पट्टा घसरू लागेल. झोत कितीही जोराचा आला तरी डायनॅमोला मिळणारा जोर तेवढाच राहतो. गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल इतकी ही साधी युक्ती होती, आणि तोच तिचा मोठा गुण.

दुसरी अडचण अधिक बिकट. वारा पडला की काय? दिवे संध्याकाळी हवेत आणि वारा मात्र त्याला वाटेल तेव्हा वाहणार. म्हणजे साठवण आली. ब्लाइथ आणि ब्रश यांनी शिशाचे विद्युतघट वापरले होते, परंतु ते त्या काळी महाग होते, लवकर खराब होत आणि त्यांची निगा राखायला जाणता माणूस लागे. ला कूर दुसऱ्या दिशेला वळले. पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंत विघटन होते, ही गोष्ट १८०० मध्ये व्होल्टाचा विद्युतघट आल्याबरोबर निकोल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये दाखवली होती. तेव्हापासून हा प्रयोग वर्गात करून दाखवायचाच राहिला होता. १८७४ मध्ये ज्यूल व्हर्न यांनी कादंबरीतल्या एका पात्राकडून पाणी हे उद्याचे इंधन होईल असे भाकीत करवले. ती कल्पनेची भरारी होती. ला कूर यांनी मात्र ते कामाला लावायचे ठरवले. वाऱ्याची वीज वायूच्या रूपाने टाकीत भरायची, आणि हवी तेव्हा जाळायची.

यासाठीचे उपकरण त्यांना इटलीत सापडले. पोम्पेओ गारुटी यांनी विद्युत अपघटनाचे यंत्र तयार केले होते. शुद्ध पाणी विजेला फारसे वाट देत नाही, म्हणून पाण्यात अल्कली मिसळायची, त्यात धातूच्या पट्ट्या बुडवायच्या आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पडदा ठेवायचा, म्हणजे एका बाजूचा हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूचा ऑक्सिजन एकमेकांत मिसळत नाहीत. हायड्रोजन दोन भाग आणि ऑक्सिजन एक भाग या प्रमाणात निघतो. ला कूर यांनी गारुटींशी संपर्क साधून ही पद्धत आस्कोवला आणली आणि दोन्ही वायूंसाठी टाक्या बांधल्या. हायड्रोजनची टाकी १२ घनमीटरची होती.

हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साध्या हवेच्या दाबाला १२ घनमीटर हायड्रोजनचे वजन जेमतेम एक किलो भरते. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. एका खोलीएवढी टाकी भरून मिळणारी ही ऊर्जा चार लिटरहूनही कमी पेट्रोलमधील ऊर्जेइतकी. हायड्रोजनची सगळी गोम या विरोधात आहे. वजनाच्या हिशेबाने इतर कोणतेही रासायनिक इंधन त्याच्या जवळपास फिरकत नाही आणि जागेच्या हिशेबाने ते सर्वांत गैरसोयीचे. आज तो शेकडो पट दाबाखाली भरतात किंवा उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवतात, आणि दोन्हींना पुन्हा ऊर्जा खर्ची पडते. खेड्यातील शाळेपाशी यांपैकी काहीच नव्हते. होती ती एक मोठी टाकी.

हायड्रोजनच्या ज्योतीचा आणखी एक दोष. ती जवळजवळ दिसतच नाही, तिचा उजेड पडत नाही. त्यामुळे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळून त्या प्रखर ज्योतीत उष्णतेला दाद न देणारा घन पदार्थ तापवायचा आणि तो लख्ख उजळला की त्याचा प्रकाश वापरायचा, असा मार्ग घ्यावा लागला. तेव्हाच्या नाट्यगृहांत रंगमंचावर झोत टाकण्यासाठी चुन्याचा तुकडा असाच तापवीत असत. हे तंत्र आस्कोवच्या शाळेत आले. वर्गांमध्ये, खोल्यांमध्ये नळ्या फिरल्या आणि दीर्घ हिवाळी रात्री वाऱ्याच्या उजेडात धडे सुरू झाले. धूर नाही, काजळी नाही. जळल्यावर उरते ते पाणीच.

हे सर्व सुरळीत मात्र चालले नाही. हायड्रोजन हवेत अवघा चार टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हा धोका कायम असतो. टाकीतल्या हायड्रोजनमध्येच थोडा ऑक्सिजन शिरला तर मग विचारायलाच नको. आस्कोवमध्ये नेमके तेच झाले. हायड्रोजनमध्ये मिसळलेल्या अल्पशा ऑक्सिजनमुळे स्फोट झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने एकापेक्षा अधिक वेळा नव्याने बसवावी लागली. अल्कली द्रावणाच्या यंत्रात वीज कमी-जास्त होऊ लागली, विशेषतः ती फार मंदावली, की एका बाजूचा वायू पडद्यातून दुसऱ्या बाजूला झिरपून दोन्हींचे मिश्रण धोक्याच्या पातळीकडे सरकते. वाऱ्यावर आणि उन्हावर चालणारे आजचे प्रचंड प्रकल्प उभारणाऱ्या अभियंत्यांनाही या प्रकाराची दखल घ्यावीच लागते. कमी भारावर यंत्र बंद करण्याची व्यवस्था त्यासाठीच असते. ला कूर यांच्याकडे मोजमापाची आजची साधने नव्हती. होता तो अनुभव आणि भोवती माणसांनी भरलेली शाळा.

या प्रयोगाकडे पाहताना दोन टोकांची विधाने केली जातात. एक म्हणजे, ला कूर हे काळाच्या इतके पुढे होते की जगाला ते उमगलेच नाहीत. दुसरे, की हा प्रयोग फसला. दोन्ही पटण्यासारखी नाहीत. ज्या प्रयोगावर शाळेचे दिवे सात वर्षे जळले त्याला फसलेला म्हणणे अन्यायाचे आहे. आणि जगाने हायड्रोजन नाकारला असेही नाही. तो बाजूला ठेवला तो खुद्द ला कूर यांनी. त्यांना हायड्रोजनचा अभिमान मिरवायचा नव्हता, गावात उजेड हवा होता. विसावे शतक उजाडेपर्यंत विजेचा दिवा स्वस्त झाला, शिशाचे विद्युतघट सुधारले. वीज एकदा वायूत बदलली की वाटेत बरीच गळती होते. आजची उत्तम यंत्रेसुद्धा एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज घेतात, त्यातील ३३ युनिट हायड्रोजनमध्ये उतरतात, आणि त्यापासून पुन्हा वीज करायची म्हटली तर हाती त्याच्याही निम्मीच पडते. विद्युतघट त्याहून कितीतरी अधिक परत देतो. घरगुती दिव्यांपुरता हा हिशेब सरळ होता. १९०२ मध्ये आस्कोव गावासाठी पवनचक्की, विद्युतघट आणि वारा पडल्यास मदतीला इंजिन अशी व्यवस्था सुरू झाली आणि शाळेतील वायूचे दिवे विझले. त्यासोबत ला कूर यांनी आणखी एक कळ तयार केली. वारा मंदावल्यावर घटांतील वीज उलट वाहून डायनॅमोलाच फिरवू लागते. ही कळ अशा वेळी जोडणी आपोआप तोडी आणि वारा वाढला की पुन्हा जोडी. कोणी रात्रभर जागत बसायला नको.

हायड्रोजनच्या नादात त्यांचे दुसरे काम झाकोळता कामा नये. किंबहुना तेच अधिक मोठे ठरले. १८९६ पासून त्यांनी पवनचक्कीच्या पात्यांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. पंख्याने हवा ढकलून ती नळीतून सोडायची आणि त्या झोतात निरनिराळ्या आकारांच्या छोट्या पात्यांच्या प्रतिकृती ठेवून त्यांच्यावरचा जोर मोजायचा. विमान अजून उडायचे होते; राइट बंधूंची वातनलिका १९०१ ची. या मोजमापांतून निघालेला निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या विरुद्ध होता. अधिक पाती म्हणजे अधिक शक्ती असा सर्वसाधारण समज, आणि अमेरिकी शेतांवरच्या बहुपाती चक्क्यांनी तो पक्का केलेला. ला कूर यांनी दाखवले की वीज निर्माण करायची तर थोडी पण वेगाने फिरणारी पाती अधिक कामाची. त्यांच्या आदर्श चक्कीला पाती चारच होती. १८९७ मध्ये आस्कोवला दुसरी, बरीच मोठी प्रायोगिक चक्की उभी राहिली आणि १९०० पासून त्यांचे अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. आजच्या तीन पात्यांच्या अजस्र पवनचक्क्या ज्या वाटेने आल्या, तिचा आरंभ या मोजमापांपाशी आहे.

यंत्र तयार झाले तरी ते चालवायला माणूस हवा, हे या शिक्षकाला कुणी सांगायची गरज नव्हती. १९०३ मध्ये डॅनिश पवनविद्युत संस्था स्थापन झाली. गावोगावी केंद्रे कशी उभारावीत याचा सल्ला ती देई. पुढच्याच वर्षी आस्कोवला ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू झाले. शेतकरी कुटुंबांतील मुले इथे येऊन तारा जोडणे, डायनॅमो चालवणे, विद्युतघटांची निगा राखणे शिकत आणि आपल्या मुलखात परतून गावाची वीज सांभाळत. पवनविद्युतीला वाहिलेले एक नियतकालिकही निघाले. पहिल्या विद्यार्थ्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव योहानेस यूल.

२४ एप्रिल १९०८ रोजी आस्कोव येथेच ला कूर यांचे निधन झाले. वय ६२ वर्षे. आपले काम कुठवर पोचणार हे त्यांना थोडेसेच पाहता आले. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे येणारा कोळसा आणि तेल दुर्मिळ झाले तेव्हा त्यांच्या धर्तीच्या चक्क्यांची किंमत देशाला कळली. १९१८ पर्यंत डेन्मार्कमध्ये सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रे पवनचक्क्यांवर चालत होती. एकेक चक्की २० ते ३५ किलोवॉटची. सगळ्यांची मिळून क्षमता ३ मेगावॉटच्या आसपास होती आणि देशाच्या विजेतला त्यांचा वाटा सुमारे तीन टक्के. युद्ध संपल्यावर तेल पुन्हा स्वस्त झाले, मोठ्या केंद्रांच्या तारा गावांपर्यंत पोचल्या आणि चक्क्या एकामागून एक थांबल्या.

यूल मात्र विसरले नव्हते. आयुष्यभर वीज कंपनीत नोकरी करून उतारवयात ते पुन्हा गुरूच्या विषयाकडे वळले आणि १९५७ मध्ये डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे त्यांनी २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की सुरू केली. ती दहा वर्षे चालली. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कने पुन्हा वाऱ्याकडे पाहिले तेव्हा समोर नमुना होता तो हाच. आज त्या देशाच्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यापासून येते. ला कूर यांचे चिरंजीव डॅन वडिलांच्या पहिल्या वाटेने गेले. ज्या हवामानशास्त्र संस्थेत वडील उपसंचालक होते तिचे ते १९२३ मध्ये संचालक झाले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारी त्यांची उपकरणे जगभरच्या वेधशाळांत, भारतातही, वापरली गेली.

आणि हायड्रोजन? १९२३ मध्ये केंब्रिज येथील एका व्याख्यानात जे. बी. एस. हाल्डेन यांनी पवनचक्क्यांच्या रांगा, विजेने पाण्याचे विघटन आणि जमिनीखालील टाक्यांत द्रवरूप हायड्रोजन असे इंग्लंडचे भविष्य रंगवले. त्याला चारशे वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. हेच हाल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. आस्कोवच्या शाळेत या रांगेतली एक चक्की आणि एक टाकी आधीच होऊन गेली होती. नॉर्वेत धबधब्यांच्या विजेवर खतासाठी हायड्रोजन तयार होऊ लागला. आपल्याकडे पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढून खत करणारा कारखाना १९६० च्या दशकात चालत होता. पुढे नैसर्गिक वायू आणि नाफ्त्यापासून मिळणारा हायड्रोजन स्वस्त पडू लागला आणि ही पद्धत मागे सरली. तिला आज पुन्हा बोलावणे आले आहे ते दिव्यांसाठी नव्हे. खत, पोलाद आणि जहाजे यांसाठी, जिथे विद्युतघटाचे हात पोचत नाहीत.

आस्कोवची मोठी चक्की १९२९ मध्ये आगीत सापडली आणि नंतर दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. तिथे आता ला कूर यांच्या नावाचे संग्रहालय आहे.